गणित सोडलंय, पण अर्थशास्त्रच शिकायचंय. प्रवेशाच्या अटींबद्दल मदत हवी आहे

रानवाट (धागाकर्ती)

नमस्कार. बरेच महिने इथे वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. मी १७ वर्षांची आहे, त्यामुळे सगळ्यांनी मला 'तू'च म्हणा.

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी मी इतिहास, साहित्य आणि अर्थशास्त्र घेतलं. गणित सोडलं. त्याआधीच्या वर्षी एक पेपर फार वाईट गेला होता आणि शिकवणाऱ्यांनी वर्गातच सांगितलं, "हा तुझा प्रांत नाही." मी ते खरं मानलं. अर्थशास्त्र घेतलं ते केवळ तिसरा विषय हवा म्हणून. आणि आता तोच विषय मनात घर करून बसलाय. करांच्या धड्यात एक वाक्य होतं, की कर भरणारा आणि कर सोसणारा हे एकच असतील असं नाही. विकणारा कर भरतो, पण तो गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो की त्याच्या स्वतःच्या? किती कुणाच्या? ते वाक्य वाचल्यापासून मला दुसरं काही शिकावंसं वाटत नाही.

काल सात विद्यापीठांच्या अटी वहीत उतरवून काढल्या. चार ठिकाणी गणित अनिवार्य, दोन ठिकाणी 'गणित असल्यास प्राधान्य', एका ठिकाणी गणिताचा उल्लेखच नाही. मग गणिताशिवाय हा विषय शिकता येतो की नाही? अनिवार्य म्हणजे खरंच दार बंद? आणि शाळेत अर्थशास्त्रात चांगले गुण आहेत, त्याचा काही उपयोग?

काठावरची

रानवाट, स्वागत. मी विद्यापीठात पहिल्या वर्षाची ट्यूटोरियल्स घेते, त्यामुळे तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. शाळेत अर्थशास्त्र नसेल तरी बहुतेक ठिकाणी चालतं. गणित नसेल तर पुष्कळ ठिकाणी चालत नाही. पहिल्यांदा ऐकताना हे उफराटं वाटतं, पण कारण अगदी साधं आहे. अर्थशास्त्र आम्ही मुळापासून शिकवतो. पहिल्या दिवशी मागणी म्हणजे काय, पुरवठा म्हणजे काय इथूनच सुरुवात होते. गणित मात्र तुम्हाला येतंय असं धरूनच पुढे जातो.

आणि गणित म्हणजे नेमकं काय, हेही सांगायला हवं, कारण त्या एका शब्दाने मुलं उगाच धास्तावतात. अंकांचा झपाटा लागत नाही. लागतं ते फलन (फंक्शन, म्हणजे एक राशी दुसरीवर कशी अवलंबून आहे ते), आलेख, उतार, विकलन (डेरिव्हेटिव्ह), दोन-तीन समीकरणं एकत्र सोडवणं, आणि संभाव्यता व संख्याशास्त्राची ओळख. पुस्तकात 'सीमान्त' हा शब्द शंभरदा येतो: सीमान्त खर्च, सीमान्त उपयोगिता, सीमान्त उत्पन्न. 'आणखी एक घेतला तर काय फरक पडेल', एवढाच त्याचा अर्थ. हा प्रश्न बारीक करत नेला की हातात येतं ते विकलन. म्हणून ते टाळता येत नाही.

तू एक कर. समज, बाजारात एकच विकणारा आहे. मागणी अशी: मागणी = १०० − २ × किंमत. म्हणजे किंमत १० ठेवली तर ८० नग खपतात, २० ठेवली तर ६०. विक्रीतून सर्वात जास्त रक्कम जमा व्हावी तर किंमत किती ठेवावी? कुठलंही सूत्र वापरू नकोस. तक्ता कर आणि इथे लिही.

अक्षांश

अटींच्या वाचनाबद्दल थोडं. माझ्या दोन्ही भाचरांच्या अर्जांच्या वेळी ही पानं मी ओळ न ओळ वाचली आहेत.

'अनिवार्य' आणि 'प्राधान्य' यांत फरक आहे, पण मागणी मोठी असलेल्या अभ्यासक्रमात 'प्राधान्य' हे जवळजवळ अनिवार्यच धरावं. दहा अर्जदारांपैकी आठांकडे गणित असेल तर उरलेल्या दोघांना दुसऱ्या कशात तरी फार उठून दिसावं लागतं.

दुसरं, 'गणित' लिहिलंय म्हणजे कुठलंही गणित नव्हे. आयबीचंच (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, शाळेच्या शेवटच्या वर्षांचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) बघ. तिथे २०१९पासून गणिताचे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत, 'अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस' आणि 'अ‍ॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन', आणि प्रत्येकाच्या दोन पातळ्या. अर्थशास्त्रासाठी काही विद्यापीठं पहिलाच मानतात, तोही वरच्या पातळीचा. गुण उत्तम, विषयही 'गणित', तरी अर्ज बाद, असं होऊ शकतं. काही ठिकाणी शाळेच्या गुणांवर वेगळी चाचणीही असते. केंब्रिज आणि एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) अर्थशास्त्रासाठी टीएमयूए नावाची परीक्षा मागतात: दोन पेपर, प्रत्येकी २० प्रश्न, प्रत्येकी ७५ मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही. अभ्यासक्रम शाळेतलाच, पण प्रश्न विचार करायला लावणारे.

आणि ज्या विद्यापीठाच्या पानावर गणिताचा उल्लेखच नाही, तिथला पहिल्या वर्षाचा विषयवार तपशील काढून वाच. अटीत नसलेलं गणित बहुधा तिथे सापडेल. 'अर्थशास्त्रज्ञांसाठी गणित' असा पेपर असला की समजायचं, ते दारात विचारत नाहीत, आत गेल्यावर शिकवतात. ते वाईट नाही, उलट तुझ्यासारखीला चांगलंच. फक्त माहीत असलेलं बरं.

सांजसावली

मला थोडं वेगळं म्हणायचंय. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं उदाहरण घ्या. शाळेत मुलींना त्रिकोणमिती सहजासहजी घेऊ देत नसत, म्हणून त्यांचं गणित कच्चं राहिलं. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात, लॉस एंजेलिसला, अर्थशास्त्रात पीएचडी करायची होती, तर गणित नाही म्हणून तो दरवाजा बंद झाला. त्यांनी राज्यशास्त्रात पीएचडी केली. आणि २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. गावांची सामायिक कुरणं, मासेमारीची पाणी, कालव्यांचं वाटप लोक आपसात नियम करून कसं टिकवतात, हे त्यांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिलं. ज्या विषयाने त्यांना दारातून परत पाठवलं त्याचंच सर्वोच्च पारितोषिक! मग या अटीला इतकं डोक्यावर का घ्यायचं? रानवाट, राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्राच्या वाटेनेही तू याच प्रश्नांपर्यंत पोहोचशील.

काठावरची

सांजसावली, ऑस्ट्रॉम यांच्याबद्दल मलाही अपार आदर आहे, आणि ती अट त्यांच्यावर अन्याय करणारी होती हे शंभर टक्के मान्य. दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हता. एका शाळकरी मुलीला एक विषय घेऊ दिला नाही आणि त्याची किंमत तिने पुढे मोजली.

पण त्यांची गोष्ट तिथे संपत नाही. पुढे ऐंशीच्या दशकात त्या जर्मनीत बीलेफेल्डला राइनहार्ट झेल्टन यांच्याकडे गेम थिअरी (एकमेकांच्या निर्णयांवर अवलंबून असलेल्यांनी काय निवडावं, याचं गणित) शिकल्या. त्या झेल्टनना १९९४ साली नोबेल मिळालं. सामायिक साधनांवरच्या ऑस्ट्रॉम यांच्या लिखाणात गेम थिअरी पानोपानी आहे. म्हणजे गणिताने त्यांना अडवलं, तरी त्यांनी गणिताशी अबोला धरला नाही. प्रश्नाला लागलं तेव्हा पन्नाशीच्या आसपास नव्याने वर्गात बसल्या. रानवाट तर १७ वर्षांची आहे.

तिला दुसरी वाट दाखवणं चूक नाही. पण 'तुझा प्रांत नाही' असं तिला एकदा सांगून झालंय. आपण तेच गोड शब्दांत पुन्हा सांगायला नको.

सांजसावली

हे शेवटचं पटलं. झेल्टन यांच्याबद्दल मला माहीत नव्हतं. धन्यवाद.

तिसरा बाक

मी गणिताशिवाय अर्थशास्त्राला गेलेला माणूस. सगळं मनापासून सांगतो, कारण मला त्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या विद्यापीठाने गणित नसलेल्यांसाठी वर्ग सुरू होण्याआधी काही आठवड्यांचा पूर्वतयारीचा कोर्स ठेवला होता. मी तो केला, आणि समजलो की झालं. पहिल्या सत्राच्या मधल्या परीक्षेत खर्चाचं फलन दिलं होतं, सीमान्त खर्च काढायचा होता. मला सीमान्त खर्चाची व्याख्या पाठ होती, निबंध लिहिता आला असता. पण घातांक खाली कसा उतरतो ते त्या क्षणी आठवेना. पाऊण तास त्या एका ओळीकडे बघत बसलो. नापास झालो. शेजारच्या बाकावरची मुलगी, जिने शाळेत अर्थशास्त्राचं नावही ऐकलं नव्हतं, ती वीस मिनिटांत मोकळी.

त्यानंतर मी एक नियम केला: रोज सकाळी अर्धा तास, फक्त गणित, आणि फक्त हाताने. व्हिडिओ बघून 'कळलं' वाटतं, ते कळणं कागदावर उतरत नाही. पहिले दोन महिने मी चक्क शाळेचं बीजगणित केलं: अपूर्णांक, घातांक, कंस सोडवणं. मला वाटायचं मला कॅल्क्युलस (विकलन ज्यात येतं ते गणित) येत नाही. खरं तर मला कॅल्क्युलस कळत होतं, आधीचं बीजगणित येत नव्हतं. इथेच बहुतेक जण अडतात आणि दोष भलत्याला देतात. रानवाट, तू सुरुवात तिथूनच कर.

दुसऱ्या वर्षी अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक प्रश्न तपासण्याचं शास्त्र) आली आणि तिथे मला विषयाची खरी गोडी लागली. किमान वेतन वाढवलं तर नोकऱ्या जातात का, हा वाद पाठ्यपुस्तकात आलेखावर सुटतो. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी काय केलं? १९९२ साली न्यू जर्सीत किमान वेतन वाढलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात वाढलं नाही. दोन्हीकडची मिळून ४१० फास्टफूड रेस्टॉरंटं घेतली, वेतनवाढीआधीची आणि नंतरची नोकरांची संख्या विचारली. एकीकडचा फरक, दुसरीकडचा फरक, आणि त्या दोन फरकांतला फरक. नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. १९९४ साली तो निबंध आला, त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले, आणि २०२१च्या नोबेलमध्ये कार्ड होते. मूळ कल्पना वजाबाकीची आहे! पण ती वजाबाकी कधी विश्वासार्ह आणि कधी फसवी, हे ओळखायला संख्याशास्त्र लागतं. म्हणून कॅल्क्युलसच्या मागे लागून संख्याशास्त्राकडे दुर्लक्ष करू नकोस.

जुनी वही

गणिताचा धाक वाटणाऱ्यांसाठी एक आठवण. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल हे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८६५ साली दुसरे आले होते. केंब्रिजमध्ये अर्थशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम १९०३ साली उभा राहिला तो त्यांच्याच खटपटीने. म्हणजे गणित येत नव्हतं म्हणून बोलणारा हा माणूस नव्हे. १९०६ साली त्यांनी संख्याशास्त्रज्ञ आर्थर बाउली यांना पत्रातून आपली पद्धत कळवली, तिचा मथितार्थ असा: गणित लघुलिपीसारखं वापरा, काम होईपर्यंत धरून ठेवा, मग साध्या भाषेत उतरवा, जगण्यातली महत्त्वाची उदाहरणं द्या, आणि गणित जाळून टाका. साधी उदाहरणं देता आली नाहीत तर भाषेत उतरवलेलंही जाळा.

इतिहास आणि साहित्य शिकलेल्या मुलीला यातलं अर्धं काम आधीच येतं. उरलेलं अर्धं शिकायचंय.

रानवाट

सगळ्यांचे खूप आभार. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. तिसरा बाक दादा, तुम्ही सांगितलेलं तंतोतंत खरं निघालं. काल रात्री कंस सोडवायला बसले आणि उणे चिन्हाने तीनदा दगा दिला.

काठावरची ताई, हा तक्ता. किंमत १०, मागणी ८०, जमा ८००. किंमत २०, मागणी ६०, जमा १२००. किंमत ३०, मागणी ४०, पुन्हा १२००! मग २५ घेतली: मागणी ५०, जमा १२५०. खात्रीसाठी २४ आणि २६ केल्या, दोन्हीकडे १२४८. म्हणजे २५.

पण मला एक कळलं नाही. २० ते २५ जमा ५० ने वाढते, आणि २४ ते २५ फक्त २ ने. शिखराजवळ गेल्यावर वाढ अशी मंदावते का?

काठावरची

रानवाट, तू जे विचारलंस तेच विकलन आहे. कुणी न शिकवता तू त्याच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिलीस.

शिखराकडे जाताना चढ कमी कमी होत जातो, शिखरावर शून्य होतो, पुढे उतार लागतो. जमा = १०० × किंमत − २ × किंमतीचा वर्ग. विकलन केलं की याचा चढ कुठल्याही किंमतीला येतो १०० − ४ × किंमत. तो शून्य कधी? किंमत २५ असताना. तुझ्या तक्त्याने जे सहा ओळींत सांगितलं ते इथे एका ओळीत आलं, आणि मधल्या कुठल्या किंमतीला याहून जास्त जमा होत नसेल ना, ही शंकाही उरली नाही.

आता तुझा स्वतःचा प्रश्न. समज, प्रत्येक नगाला विकणाऱ्याचा खर्च १० आहे. त्याला आता जमा नव्हे, नफा वाढवायचाय. किंमत किती? ते काढ. मग सरकारने प्रत्येक नगावर १० कर लावला असं धर, आणि पुन्हा काढ. कर कुणी सोसला ते मला सांग.

अक्षांश

दरम्यान अर्जाबद्दल. सोबत जो निवेदनाचा मजकूर द्यावा लागतो, त्यात 'मला लहानपणापासून अर्थव्यवस्थेबद्दल कुतूहल आहे' हे वाक्य घालू नकोस, ते सगळेच लिहितात. पहिल्या पोस्टमध्ये तू कराबद्दल चार ओळी लिहिल्यास ना, त्याच घाल. आणि हा तक्ता कसा केलास तेही. गणित सोडलं होतं हे लपवू नकोस. सोडलं, आणि मग काय केलं, हे सरळ सांग.

रानवाट

चार दिवस लागले, पण झालं!

कर नसताना नफा = (किंमत − १०) × (१०० − २ × किंमत). कंस सोडवून चढ काढला: १२० − ४ × किंमत. किंमत ३०, खप ४०, नफा ८००. म्हणजे जास्तीत जास्त जमा आणि जास्तीत जास्त नफा यांची किंमत एकच नसते. हे मला फार आवडलं.

कर लावल्यावर नगामागे २० जातात. चढ १४० − ४ × किंमत. किंमत ३५. म्हणजे कर १०, पण किंमत वाढली फक्त ५! निम्मा कर गिऱ्हाइकाने सोसला, निम्मा विकणाऱ्याने. धड्यातलं ते वाक्य मी स्वतः मोजलं.

पण खप ४० वरून ३० वर आला, आणि नफा १५ × ३० = ४५०. सरकारला मिळाले १० × ३० = ३००. विकणाऱ्याचे तर ३५० गेले. वरचे ५० कुठे गेले?

काठावरची

शाब्बास. प्रश्न बरोबर आहे, वजाबाकी चुकीच्या दोन गोष्टींची झालीय. सरकारचे ३०० एकट्या विकणाऱ्याकडून आलेले नाहीत. विकल्या गेलेल्या ३० नगांवर गिऱ्हाइकांनी प्रत्येकी ५ जास्त दिले, म्हणजे १५०. विकणाऱ्याचा नफा नगामागे २० वरून १५ झाला, त्याचे १५०. झाले ३००. आता विकणाऱ्याचे एकूण ३५० गेलेत, त्यातले १५० सरकारकडे. उरले २००.

जे १० नग आता खपतच नाहीत त्यांच्याकडे बघ. त्यांतल्या प्रत्येकावर आधी २० मिळत होते. दहा विसे दोनशे. हे दोनशे सरकारला मिळाले नाहीत, गिऱ्हाइकाला मिळाले नाहीत, ते कुणालाच मिळाले नाहीत. ज्यांनी त्या १० वस्तू घेतल्या असत्या त्यांचंही काही गेलं, ते वेगळं. याला डेडवेट लॉस म्हणतात आणि आमच्याकडे तो पहिल्या सत्राच्या शेवटी येतो.

एक लक्षात ठेव: कर नेहमी निम्मा-निम्मा वाटला जातो असं नाही. इथे विकणारा एकच होता, मागणीची रेषा सरळ होती, आणि खर्च दर नगाला सारखा होता. गिऱ्हाइकाला त्या वस्तूशिवाय राहता येत नसेल तर त्याच्यावर जास्त भार जातो. लवचीकतेचा (किंमत बदलली की मागणी किती बदलते, त्याचा) धडा आता पुन्हा उघड, वेगळा दिसेल.

तिसरा बाक

हा धागा मला माझ्या पहिल्या सत्रात हवा होता.

रानवाट

ताई, दहा विसे दोनशे वाचून मी वहीत ते दहा नग काढले आणि रंगवले.

एक बातमी द्यायची राहिली. 'अनिवार्य' लिहिलेल्या चारही विद्यापीठांना मी विचारलं, की गणिताची परीक्षा शाळेबाहेरून, एक वर्ष उशिरा दिली तर चालेल का. दोघांचं उत्तर आलं: चालेल, पातळी तीच हवी. एकाने नाही म्हटलं. चौथ्याचं यायचंय. घरी बोलले, वर्ष थांबायचं ठरलंय. परीक्षेला नाव नोंदवलं.

आता अडलंय ते असं: चढ शून्य आला म्हणजे शिखरच असेल कशावरून? दरीच्या तळाशीही चढ शून्यच असणार ना?

काठावरची

असतोच. पहिल्या तक्त्यातल्या जमेचा चढ घे, २४ ला किती येतो आणि २६ ला किती, दोन्ही काढ आणि चिन्हं बघ. मग दरीसाठी ती चिन्हं कशी असतील ते लिही.